कादंबरीतली ती, पडद्यावरची ती

मागच्या सत्रात आपल्या मंडळाच्या बैठकीत ‘शाळा’वर चर्चा झाली. तेव्हा मी हात वर करून ठासून सांगितलं होतं, “पुस्तकाची सर सिनेमाला येत नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आता कबूल करते, तोवर मी ते पुस्तक वाचलेलंच नव्हतं. फक्त सिनेमा पाहिला होता. असं म्हटलं की आपण वाचणारे वाटतो, एवढंच मला माहीत होतं. हा लेख म्हणजे त्या दिवसाची भरपाई समजा.

माझं गाव बोरगाव, तालुका सौंसर. मध्य प्रदेशातलं, पण मराठी बोलणारं. २०२३पर्यंत आमचा जिल्हा छिंदवाडा होता, आता पांढुर्णा आहे. घरी मराठी आणि शाळेत हिंदी, त्यामुळे मराठी कादंबऱ्यांच्या आधी मराठी सिनेमेच माझ्यापर्यंत पोचले. या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून मी ‘शाळा’ वाचून काढली, मग सिनेमा पुन्हा पाहिला. त्यासोबत प्रेम आणि नात्यांवरच्या आणखी काही पुस्तक-सिनेमा जोड्यांचा विचार केला. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. आपण तुलना करताना नेहमी विचारतो, “सिनेमाने काय गाळलं?” खरं तर आधी विचारायला हवं, “गोष्ट कोण सांगतंय?” कारण सांगणारा बदलला की प्रेम कुणाचं, हेही बदलतं.

‘शाळा’पासूनच सुरुवात करू. मिलिंद बोकील यांची ही कादंबरी २००४ साली आली. काळ आणीबाणीचा, आणि सांगणारा नववीतला मुकुंद जोशी. सगळं पुस्तक त्याच्या ‘मी’मधून आणि त्याच्याच बोलीतून येतं. त्यामुळे शिरोडकर आपल्याला मुकुंदला दिसते तेवढीच दिसते. ती कधी वळली, कधी हसली, कधी बोललीच नाही, आणि त्यावर मुकुंदने काय काय अर्थ लावले, हेच आपण वाचतो. तिच्या मनात नेमकं काय आहे ते पुस्तक आपल्याला आतून दाखवत नाही. वर्गातल्या मुलांच्या सवयीप्रमाणे तिचं आडनावच तिचं नाव होऊन बसतं. वाचताना मला आधी राग आला. एवढं मोठं पुस्तक आणि मुलीला बोलायला जागाच नाही? मग लक्षात आलं, नववीतलं प्रेम असंच असतं. ते निम्मं समोरच्यावर असतं आणि निम्मं आपल्याच अंदाजांवर. लेखकाने ‘मी’ निवडला म्हणून हे आपल्याला आतून कळतं.

सुजय डहाके दिग्दर्शित सिनेमा जानेवारी २०१२मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्याच्या पटकथेसाठी अविनाश देशपांडे निगडी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता अडचण बघा, कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. तो मुकुंदच्या बाहेर उभा राहतो. मुकुंदने मान खाली घातली तरी आपल्याला केतकी माटेगावकरने उभी केलेली शिरोडकर दिसत राहते. तिला चेहरा आहे, आणि तो चेहरा उलटून बघतो. पुस्तकात जे एकट्याचं होतं ते इथे दोघांचं झालं. त्याच्या बदल्यात मुकुंदच्या डोक्यात अखंड चाललेली बडबड, त्याचे हिशेब, स्वतःलाच मारलेल्या थापा बऱ्याच कमी झाल्या. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. पुस्तक मिटताना मला मुकुंदसाठी वाईट वाटलं होतं. सिनेमा संपताना तिच्यासाठीही वाटलं. यात कोण श्रेष्ठ हा प्रश्न मला आता फारसा उपयोगाचा वाटत नाही.

दुसरं उदाहरण ‘जोगवा’चं (२००९). राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा, यांवर राजीव पाटील यांनी हा सिनेमा केला. ‘चौंडकं’मध्ये देवीला सोडलेल्या मुलीचं जगणं आहे, तर ‘भंडारभोग’मध्ये जोगत्याचं. पडद्यावर ही दोन जगणी सुली आणि तायाप्पा म्हणून एकमेकांसमोर येतात. तिला लग्न करायची मुभा नाही, आणि त्याला पुरुष असून लुगडं नेसावं लागतं. वेगवेगळ्या पुस्तकांतल्या दोन दुःखांची पडद्यावर भेट होते आणि त्या भेटीतून प्रेमकथा तयार होते. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांचा अभिनय इतका खरा आहे की जोड दिसत नाही. तरी अभ्यासक म्हणून आपण विचारायला हवं: अन्याय सगळ्या गावाने केलेला असताना सुटका दोघांच्या प्रेमातून होते, हे आपल्याला पटतं की फक्त बरं वाटतं? मला दोन्ही वाटलं. जिथे दुसऱ्याचा स्पर्शही नाकारलेला आहे, तिथे प्रेम करणं हेच बंड ठरतं, असं मी शेवटी माझं उत्तर काढलं. तुमचं वेगळं असू शकेल.

तिसरा सिनेमा मी आईसोबत पाहिला. शांता निसळ यांची कादंबरी ‘बेघर’, आणि त्यावर जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२). पटकथा विजय तेंडुलकरांची, नायिका स्मिता पाटील. सुलभा महाजन नवरा, सासर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिला सुधारगृहात अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा घर सोडते.

सिनेमा संपल्यावर मी नावांविषयी बोलत होते. ‘बेघर’ हे नाव बाईची अवस्था सांगतं, तिच्याकडे काय उरलं नाही ते सांगतं. ‘उंबरठा’ म्हणजे ओलांडायची जागा. ते नाव ऐकलं की तिने काय केलं ते डोळ्यांसमोर येतं. १९३७ साली नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वर व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ काढला, तेव्हाही असंच झालं होतं. विचार सांगणारं नाव जाऊन डोळ्यांना दिसणारी वस्तू आली. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीराचं सगळं भांडण त्या एका वस्तूत मावतं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, “ते सगळं बरोबर आहे व. पण त्या पोरीचं काय झालं असंन?”

मी म्हटलं, ती काकूजवळ राहिली, काकूचा लळा होता तिला.

“मलेबी अंगणवाडीत बोलावलं होतं,” आई म्हणाली. “तू तवा सहा महिन्यांची होती.”

मला हे पहिल्यांदाच कळत होतं. मी पुढे काही विचारलं नाही, आणि ती भाकरी टाकायला उठली. पण तेव्हापासून ‘उंबरठा’बद्दल बोलताना मी सुलभाच्या धाडसावर थांबत नाही. ती गाडीत बसते तेव्हा घरात कोण उरलंय, हेही बघते. हा प्रश्न मला कुठल्याच समीक्षेत सापडला नव्हता, तो आईने दिला.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी अशी जोडी हाती घ्याल तेव्हा तीन प्रश्न जवळ ठेवा.

१. पुस्तकात गोष्ट कोण सांगतंय, आणि पडद्यावर आपण कुणाच्या बाजूने बघतोय?
२. नाव, शेवट किंवा भेट यांतलं काय बदललं, आणि त्याने प्रेमाचा अर्थ कसा बदलला?
३. दोन्हीकडे न बोललेलं माणूस कोण?

तिसऱ्या प्रश्नाने मला माझ्याच जिल्ह्यात आणून सोडलं. पांढुर्ण्याची गोटमार तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहतं, नदीत पळसाचं झाड रोवलेलं असतं आणि दोन्हीकडून दगड सुरू होतात. त्यामागे सांगतात ती प्रेमाचीच गोष्ट: पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, आणि त्यांच्यावर दगड पडले. लहानपणापासून मी ती अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. कधी या काठाकडून, कधी त्या. त्या मुलीच्या तोंडून कधीच नाही. मी ऐकलेल्या गोष्टीत तिला नावही नाही.

उद्या कुणी त्यावर कादंबरी लिहिली किंवा सिनेमा काढला, तर मी दोन्ही बघेन आणि वाचेन. आधी वाचेन, मग बैठकीत हात वर करेन.