ताकदीच्या गोळ्यांची बेरीज

आमच्या भालकी, औराद, आळंद या सीमाभागात दुखणे लांबले की रुग्ण एकाच दवाखान्यावर विसंबून राहत नाही. बिदरचा सरकारी दवाखाना, कलबुर्गीचे तज्ज्ञ, आणि मराठीत मोकळेपणाने सांगता यावे म्हणून उदगीर वा सोलापूर, अशी त्याची भ्रमंती चालते, व ठिकठिकाणच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत साठत जातात. विश्रांतीने न शमणारा आणि बाजारापर्यंत जाऊन आले तरी दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळवणारा क्रॉनिक फटीग सिंड्रोम मला जडला, तेव्हा माझ्याही पिशवीत चिठ्ठ्यांबरोबर ताकदीच्या गोळ्यांची भर पडत गेली.

पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना चप्पल निसटली तरी कळेना. हाही मूळ दुखण्याचाच प्रताप, असे समजून आणखी एक ‘नसांची’ गोळी सुरू झाली. अखेर एका डॉक्टरांनी साऱ्या बाटल्या टेबलावर मांडल्या, वेष्टनांवरील बारीक अक्षरांतले बी-६ या जीवनसत्त्वाचे आकडे कागदावर उतरवून बेरीज केली, आणि उलगडा झाला: नावे निरनिराळी असली तरी बहुतेक गोळ्यांत तेच द्रव्य होते, आणि त्याचा अतिरेक दीर्घकाळ चालू राहिल्यास संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंनाच इजा पोहोचते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी त्याची कमाल मर्यादा दररोज १२ मिलिग्रॅम ठरवली. बाजारातील काही गोळ्यांत एकेकीतच त्याहून अधिक मात्रा असते. त्या गोळ्या बंद झाल्यावर मुंग्या सावकाश ओसरल्या. थकवा मात्र होता तसाच राहिला.

जीवनसत्त्वे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. रक्ततपासणीत बी-१२, ड किंवा लोह यांची कमतरता निघाली, तर ती भरून काढणे अगत्याचे आहे, आणि घराबाहेर पडणेच खुंटलेल्या रुग्णाला ‘ड’ची गरज विशेष भासते; परंतु या विकारावरचा इलाज म्हणून ती सरसकट घेण्यास पुरेसा आधार नाही, असे ब्रिटनच्या ‘नाईस’ संस्थेने २०२१च्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. आठवड्याला ६०,००० युनिटची ‘ड’ची पुडी ठरावीक मुदतीपुरतीच असते, मुदतीनंतरही ती चालू ठेवली तर रक्तातील कॅल्शियम वाढून तहान, मळमळ, बद्धकोष्ठ आणि पुन्हा थकवाच पदरी पडण्याचा संभव असतो. लोहाने पोट जड होते, शौच काळे होते. मॅग्नेशियमने जुलाब होतात. थायरॉईडची गोळी घेणाऱ्याने लोह व कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावे, आणि बायोटिन चालू असल्यास रक्त देण्यापूर्वी तसे सांगावे, कारण त्याने थायरॉईडचे आकडे फसवे येतात.

सबब, कोणत्याही गावी, कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्यांबरोबर बाटल्याही न्याव्यात, आणि प्रत्येक गोळी कोणत्या तारखेला व कशासाठी सुरू झाली, याची नोंद वहीत ठेवावी. या विकारात दुखणे कोणते आणि गोळीचा दुष्परिणाम कोणता, हे रुग्णाला सहसा ओळखू येत नाही. म्हणून नवी तक्रार उद्भवली की नवी गोळी मागण्यापूर्वी, जुन्यांपैकी कोणती थांबवता येईल, हे आधी विचारावे.