फुगणारा केंड

फुशारकीने फुगणारी माणसे आपण गावोगाव पाहतो. समुद्रातही असाच एक फुगणारा गडी आहे. कोकणात त्याला केंड मासा म्हणतात. या धड्यात आम्ही त्याची ओळख करून देणार आहोत.

केंड पोहण्यात मंद. मोठा मासा मागे लागला, तर हा पळून पळून पळणार किती? मग तो एक युक्ती करतो. घटाघटा पाणी पितो. बघता बघता त्याचा चेंडू होतो! पुष्कळ केंडांच्या अंगावर बारीक काटेही असतात. फुगल्यावर ते उभे राहतात. असला काटेरी चेंडू गिळायचा कसा? शत्रू आपला मुकाट्याने निघून जातो.

गोष्टीतली बेडकी बैलाएवढी व्हायला गेली आणि फुटली. केंड मात्र फुटत नाही. संकट टळले, की पाणी बाहेर टाकतो आणि होतो पहिल्यासारखा.

त्याला मोठे दात चारच. दोन वर, दोन खाली. पण ते पोपटाच्या चोचीसारखे बळकट! खेकड्याचे कवच तो कटकन फोडतो. जाळ्यात सापडला, तर जाळेच कुरतडतो. वर जाळ्यातले म्हाकूलही खातो. कोळीदादाने हसावे, की रडावे?

इथवर आपण हसलो. आता पुढचे नीट वाचा. केंडात जहाल विष असते. काळीज आणि गाबोळी यांत ते जास्त. काही जातींच्या कातड्यात व मांसातही असते. मासा उकडा, तळा, नाहीतर खारवा. ते विष जात नाही. असा मासा खाण्यात आला, की ओठ आणि जीभ बधिर होते. हातपाय लुळे पडतात. पुढे श्वासही बंद पडतो. या विषावर उतारा नाही. दवाखान्यात यंत्राने श्वास देऊन रोग्याला जगवावे लागते. म्हणून अंगारे-धुपारे करीत बसू नये. तडक मोठा दवाखाना गाठावा.

जपानात लोक हा मासा आवडीने खातात. पण तिथे तो साफ करायला शिकलेला, परवाना असलेला आचारी लागतो. आपल्या घरी असा आचारी कुठला?

तेव्हा मंडळी, माणूस फुगला, तर हसून सोडून द्यावा. केंड फुगला, तर हसून पाण्यात सोडून द्यावा. टोपलीत घालून घरी मात्र आणू नये.

प्रश्न
१. केंड कशाने फुगतो?
२. केंड शिजवला तरी का खाऊ नये?
३. चुकून खाल्ला, तर काय करावे?