अल्पवयांतील मद्यपान व पालकांची जबाबदारी

आपल्या नागांवांत शनिवार-रविवारीं मुंबई-पुण्याचे पाहुणे उतरूं लागले, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतून त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय करणें हा पुष्कळ घरांचा व्यवसाय झाला. अशा घरीं एखाद्या शाळकरी मुलास सहज सांगितलें जातें, "अरे, पाहुण्यांकरितां दोन बाटल्या घेऊन ये." सांगणारास त्यांत वावगें वाटत नाहीं. परंतु २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७८ व्या कलमाप्रमाणें, अठरा वर्षांखालील मुलाकडून मद्याची ने-आण अथवा विक्री करविणारास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. मुलास मद्य देणारासहि ७७ व्या कलमानें तीच शिक्षा आहे. सूट एकच, वैद्याच्या आज्ञेची. "माझ्याच मुलास हळदीच्या रात्रीं घोटभर दिली," ही सबब तेथें चालत नाहीं. बाप हाहि देणाराच.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षें भरलीं कीं मोकळीक मिळते, हा तुमचा एक गोड गैरसमज आहे. महाराष्ट्रांत वाइन व सौम्य बिअर यांस २१ आणि इतर मद्यास २५ वर्षें वय लागतें. शिवाय १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणें परवाना लागतो तो निराळाच. वाडींतील माडीहि त्या अधिनियमाच्या कक्षेंत येते. पहांटेची गोड नीरा उन्हानें आंबली कीं तिचें नांव पालटतें आणि कायद्याची दृष्टीहि पालटते.

सांपडलेल्या मुलास पोलीस कोठडींत ठेवतां येत नाहीं. पालकांस कळवून चोवीस तासांच्या आंत त्यास बालन्याय मंडळापुढें न्यावें लागतें. मंडळ समज देईल, समाजसेवा करावयास लावील, किंवा पालकांकडून बंधपत्र लिहून घेऊन त्यास घरीं पाठवील. दंड पालकांवरहि बसूं शकतो. मात्र त्यानें वाहन चालवून गुन्हा केला असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालक अथवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत वाहनाचा परवाना नाहीं. आपणांस ठाऊक नव्हतें, हें सिद्ध करण्याचें ओझेंहि पालकांवरच.

पुण्यांतील कल्याणीनगरचें प्रकरण पालकांनीं शांतपणें पाहावें. १९ मे २०२४ च्या पहांटे एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. तत्पूर्वीं त्यानें मित्रांसह मद्य घेतलें होतें, असा पोलिसांचा आरोप आहे. तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मंडळानें त्यास त्याच दिवशीं जामीन दिला. लोकांचा संताप उसळला व २२ मे रोजीं त्याची रवानगी निरीक्षणगृहांत झाली. वर्तमानपत्रांनीं त्या निबंधावर रकाने भरले. मला विचार करण्याजोगी वाटली ती गोष्ट निराळी. मोटार हातीं दिल्याच्या व मद्यपानास मुभा दिल्याच्या आरोपावरून बापास अटक झाली, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आईस. आजोबाहि अटकेंतून सुटले नाहींत. २५ जून रोजीं उच्च न्यायालयानें मुलास सोडण्याचा हुकूम केला, तेव्हां आईबाप बंदिवासांत असल्यामुळें त्यास आत्याच्या स्वाधीन करावें लागलें.

मुलाविषयीं कायद्यानें एक दया ठेविली आहे. घोर गुन्ह्यांचीं कांहीं प्रकरणें वगळतां, २४ व्या कलमान्वयें त्याचा दोष पुढील आयुष्यांत अपात्रता ठरत नाहीं, आणि मुदतीनंतर त्याची नोंदहि नष्ट केली जाते. पेला किंवा किल्ली हातीं देणाऱ्या वडीलधाऱ्यासाठीं अशी तरतूद त्या कलमांत नाहीं.