लहानपणीचा व्हिडिओ गेम पुन्हा घ्यायचाय? पैसा कुठे घालायचा, कुठे वाचवायचा

काँट्रा, मारिओ, बदकांवर रोखायची ती गन. हे सगळं पुन्हा घरी आणायला हजार रुपयेही पुरतात आणि वीस हजारही कमी पडतात. तुम्हाला नेमकं काय परत हवंय, यावर ते ठरतं. नुसते खेळ हवे असतील तर खर्च जवळपास शून्य. पण तेव्हाचं चित्र, ते रंग, तो आवाज हवा असेल, तर गेमच्या डब्यावर कमी आणि टीव्हीवर जास्त खर्च करा. दुकानदार तुम्हाला याच्या बरोबर उलट सांगेल.

आधी फुकटात चाचणी घ्या. अँड्रॉइड फोनवर जुने गेम चालवणारं रेट्रोआर्क हे अ‍ॅप मोफत मिळतं आणि ते वापरणं कायदेशीर आहे. मात्र जुन्या गेमचे हक्क आजही कंपन्यांकडेच आहेत. ‘हजारो गेम फुकट’ म्हणणाऱ्या साइटवरून फायली उतरवणं कायद्यात बसत नाही आणि फोनमध्ये नको ते शिरण्याचा धोका वेगळाच. पण लहानपणीच्या त्या आठ-बिट मशिनसाठी हल्लीही नवे गेम लिहिले जातात. २०१९चा ‘मायक्रो मेजेस’ हा त्यातला एक. तो रीतसर विकत घ्या आणि दोन-चार संध्याकाळी खेळून बघा. हौस तेवढ्यात भागली, तर पुढचा सगळा खर्च वाचला.

आता डबा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जो व्हिडिओ गेम होता, तो बहुतेक वेळा निंटेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉमची नक्कल होती. म्हणून ‘व्हिंटेज, ओरिजिनल’ अशी जाहिरात करून कोणी तोच डबा पाच-सात हजारांना विकत असेल, तर हात आखडता घ्या. तशाच जातीचा नवा डबा दोन रिमोट, गन आणि एका कॅसेटसह साधारण ६०० ते १,५०० रुपयांत मिळतो. थेट एचडीएमआयला लागणारी स्टिक १,२०० ते २,५०० रुपयांना पडते. कॅसेटवरच्या ‘९९९९ इन १’ या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आत मोजकेच गेम असतात, तेच नाव बदलून किंवा पुढच्या टप्प्यापासून सुरू होऊन पुन:पुन्हा येतात. दुकानात यादी शेवटपर्यंत सरकवून बघा. तुम्हाला हवे ते चार गेम त्यात आहेत का, एवढाच प्रश्न.

स्टिक लावल्यावर अनेकांना वाटतं, मारिओचं गाणं फार घाईत वाजतंय. स्टिक बिघडलेली नाही, परत करायला धावू नका. आपल्याकडचे बहुतेक जुने डबे पाल पद्धतीचे होते, सेकंदाला ५० चित्रं दाखवणारे. जपानी आणि अमेरिकी मशिन ६० दाखवायची आणि स्टिकही सहसा त्याच वेगाने चालते. तुमच्या घरी ते गाणं सुमारे सहाव्या हिश्शाने संथ वाजत होतं. तीच लय हवी असेल तर एव्ही वायरीचा पाल डबा मागा आणि दुकानातच लावून ऐका.

टीव्हीवर मात्र घाई नको. त्या मशिनचं चित्र जेमतेम २५६ बाय २४० ठिपक्यांचं. ४३ इंची एलईडीवर प्रत्येक ठिपका टोकदार फरशीसारखा दिसतो. काचेच्या जुन्या टीव्हीवर हेच ठिपके एकमेकांत किंचित मिसळतात, रंग मऊ होतात, ओळींमध्ये बारीक काळी रेघ राहते. चित्रकारांनी ती चित्रं त्याच काचेसाठी काढली होती. तुम्हाला आठवतं ते रूप अर्धंअधिक त्या टीव्हीचं आहे. गन तर एलईडीवर चालतच नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि गन तो उजेड त्याच क्षणी टिपते. एलईडीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे नेम कधीच लागत नाही. ‘एलईडीवरही गन चालेल’ असं सांगणाऱ्याला तिथल्या तिथे एक बदक पाडून दाखवायला सांगा.

काचेचा जुना टीव्ही ५०० ते २,००० रुपयांत मिळतो. आधी नातेवाइकांच्या माळ्यावर बघा, कदाचित फुकटच मिळेल. घेताना मागे किंवा पुढे एव्हीची भोकं आहेत का पाहा. नुसती अँटेनाची जागा असेल तर तुमच्या डब्याला अँटेनाची वायर लागते का ते तपासा. टीव्ही किमान वीस मिनिटं चालू ठेवायला लावा. तापल्यावर चित्र आक्रसत असेल किंवा अंधुक होत असेल तर सोडून द्या. कोपऱ्यात रंगाचे डाग दिसले तर ते चुंबकामुळेही असू शकतात, दुरुस्त होतात, पण भाव पाडून घ्या. छुपा खर्च वाहतुकीचा आहे. २१ इंची टीव्ही एकट्याने उचलायची वस्तू नाही, टेम्पो आणि हमालीचे ३०० ते ८०० रुपये वेगळे धरा. मागचं झाकण स्वतः कधीही उघडू नका. आत हजारो व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो उरतो.

एलईडीच वापरणार असाल तर दोन सापळे. पहिला वायरीचा. नव्या टीव्हीला तीन रंगांच्या भोकांऐवजी एकच बारीक भोक असतं. त्याची वायर १०० ते २०० रुपयांना मिळते, पण आतली जोडणी टीव्हीगणिक बदलते. तुमच्या मॉडेलचा नंबर सांगूनच घ्या. दुसरा कन्व्हर्टरचा. ३०० ते ७०० रुपयांचे स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबे चित्र उशिरा दाखवतात आणि कडा थरथरवतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा, उशीर थोडा कमी होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.

परदेशातून मूळ मशिन आणणार असाल, तर त्याचा अ‍ॅडॉप्टर आपल्या प्लगला थेट लावू नका. अमेरिकेचा १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा, आपली वीज २३०ची. क्षणात जळतो. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनचा मध्य ऋण असतो. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या उलट असतात. कुरिअरने मागवल्यास केवायसीसाठी आधार, पॅन किंवा पासपोर्ट लागतो. आयात शुल्क वस्तूच्या किमतीवर आणि वाहतूक खर्चावरही लागतं. त्यावर आयजीएसटी, शिवाय कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. दर बदलत असतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी कंपनीकडून अंदाज लेखी घ्या. ‘गिफ्ट’ लिहून शुल्क चुकवण्याचा सल्ला ऐकू नका, माल अडकतो.

कुठे जायचं? मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद. जुन्या वस्तूंसाठी चोरबाजारातली मटण स्ट्रीट, तिथली पक्की दुकानं शुक्रवारी बंद. पुण्यात वायर, अ‍ॅडॉप्टर, सुटे भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, जुने डबे जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा. रस्त्यावर घेतलेल्या मालाला बिल नसतं, त्यामुळे चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. टीव्हीची सोय नसेल तर शेजारच्या दुकानात दोन मिनिटं लावायची परवानगी मागा. विक्रेता नकार देत असेल तर पुढे चला.

माळ्यावरचा तुमचाच डबा असेल तर नवा घेण्याआधी दुरुस्त करा. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शंभर-दोनशे रुपयांची बाटली, कापूस लावलेली काडी आणि पाच मिनिटं. दिवाच लागत नसेल तर आधी अ‍ॅडॉप्टर बदलून बघा, १५० ते २५० रुपये. तरी नाही लागला तर बरेचदा आतला ७८०५ हा रेग्युलेटर गेलेला असतो. तो भाग वीस रुपयांच्या आसपास आहे. कारागीर मजुरीसह शे-दोनशे मागेल ते रास्त, ‘बोर्ड गेला, हजार लागतील’ म्हणाला तर दुसरीकडे दाखवा. काही कॅसेटमध्ये खेळ जतन करणारी नाण्याएवढी बॅटरी असते. ती बदलताना जतन केलेला जुना खेळ पुसला जातो.

ऑनलाइन सेकंडहँड घेताना आगाऊ पैसे नाहीत. विकताना सावधपणा दुप्पट हवा. पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगणारा फसवतोय, पैसे येताना पिन लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. नव्या मालाबाबत तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जवळ ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.