हळदीने गिळलेला उजेड

पोस्टर छापून आलं होतं. मधोमध आलेख आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: हळदीतलं कर्क्युमिन अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट धरून बसतं. प्रस्तुत लेखक तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात होता आणि त्या आलेखाकडे नव्या मोटरसायकलकडे पाहावं तसा पाहत होता. चर्चासत्र दोन दिवसांवर आलेलं. विभागातल्या एक ज्येष्ठ मॅडम हातात चहा घेऊन पोस्टरसमोर थांबल्या, आलेखाची वर वळलेली शेपटी त्यांनी न्याहाळली आणि विचारलं, "छान वाकलाय रे. पण या द्रावणांचं ॲब्झॉर्बन्स कुठाय?"

ते घेतलंच नव्हतं.

प्रयोग तसा अनेक प्रयोगशाळांत होतो. गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनच्या साखळीत 583 अमिनो आम्लं असतात, पण त्यांत ट्रिप्टोफॅन फक्त दोन. 295 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला की ही दोनच चमकतात आणि 345च्या आसपास प्रकाश परत देतात. 280वर टायरोसिनही प्रकाश शोषतं, म्हणून 295 निवडायचं. मग प्रथिनाच्या द्रावणात थोडंथोडं रंगद्रव्य सोडत जायचं. ते ट्रिप्टोफॅनच्या शेजारी जाऊन बसलं तर चमक उतरते. उतरण किती, यावरून बांधणी किती घट्ट ते काढायचं. श्टेर्न आणि फोल्मर यांनी 1919मध्ये मांडलेल्या समीकरणाचा आलेख त्यासाठी आजही काढला जातो.

लेखकाच्या वहीत सुरुवातीचं रीडिंग 640 होतं. कर्क्युमिन 20 मायक्रोमोलरपर्यंत गेलं तेव्हा ते 240वर आलं. आलेख सरळ न जाता वर वळला. पुस्तकात अशा वळणाला एक भारदस्त स्पष्टीकरण असतं, दोन प्रकारचं शमन, म्हणजे चमक उतरणं, एकाच वेळी चालू असल्याचं. ते त्याने उतरवून घेतलं.

त्या दुपारी मॅडमनी त्याला तीच द्रावणं शेजारच्या यूव्ही यंत्रात लावायला सांगितली. रंगद्रव्यामुळे वाढलेलं शोषण 295ला 0.15 निघालं आणि 345ला 0.27. कर्क्युमिनचं मुख्य शोषण 425च्या आसपास असलं, तरी त्याचा पायथा अतिनील भागात लांबवर पसरलेला असतो. म्हणजे आत जाणारा प्रकाश ट्रिप्टोफॅनपर्यंत पोचण्याआधी हळद थोडा खात होती, आणि बाहेर येणारा प्रकाश तर वाटेतच गिळत होती. कंदिलाच्या काचेवर काजळी धरली म्हणून वात विझत आली असं कुणी म्हणत नाही. लेखकाने मात्र तेच म्हटलं होतं, आणि तेही रंगीत छापून.

या भानगडीला इनर फिल्टर परिणाम म्हणतात. दुरुस्तीचं गणित शाळकरी वाटावं इतकं सोपं आहे: दोन्ही तरंगलांबींवरचं शोषण मिळवायचं, निम्मं करायचं, तो आकडा दहाचा घातांक धरायचा आणि येणाऱ्या संख्येने रीडिंगला गुणायचं. इथे ती संख्या 1.62 आली. 240चे 389 झाले. चमक साडेबासष्ट टक्के नव्हे, सुमारे एकोणचाळीस टक्केच उतरली होती. बांधणी खरी होती, पण तिचा स्थिरांक अडीच पटींहून जास्त फुगला होता. वर वळलेली शेपटीही बरीचशी सरळ झाली, आणि भारदस्त स्पष्टीकरण निकामी ठरलं.

मॅडमनी आणखी एक चाचणी करायला लावली. ती प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावी. प्रथिनाऐवजी नुसतं ट्रिप्टोफॅन घ्यायचं आणि तेवढंच रंगद्रव्य घालायचं. मोकळ्या ट्रिप्टोफॅनला हळद धरून बसायला जागाच नाही. राहिली टक्कर. पण उत्तेजित ट्रिप्टोफॅनचं आयुष्य जेमतेम तीन नॅनोसेकंद, आणि 20 मायक्रोमोलर इतक्या विरळ द्रावणात तेवढ्या अवधीत हजारांत एखाद्याचीच गाठ पडेल. तरीही शंभरातले बासष्टच उरले. ही सगळी उतरण काजळीची.

तेव्हा ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी शोषण आधी मोजावं, चमक म्हणजे फ्लुओरेसन्स नंतर. दोन्ही तरंगलांबींवरची बेरीज 0.1च्या आत ठेवली की चालतं, असं सर्रास सांगतात. चालतं खरं, पण तेवढ्यातही बारा टक्क्यांची दुरुस्ती लागते, हे सांगायचं राहून जातं. शोषण फार असेल तर सूत्रावर विसंबण्यापेक्षा द्रावण विरळ करणं किंवा कमी रुंदीचं क्युव्हेट वापरणं बरं.

कर्क्युमिनचा स्वतःचाही एक स्वभाव आहे. उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात ते टिकत नाही. शरीराच्या तापमानाला फॉस्फेट बफरमध्ये अर्ध्या तासात त्याचा बहुतांश भाग विघटित होतो. प्रथिनाला चिकटल्यावर बराच काळ तग धरतं. लेखक सकाळी बफरमध्ये केलेलं द्रावण दुपारपर्यंत वापरत असे, म्हणजे दुपारी नेमकं काय घालत होता हे देवच जाणे. ते इथेनॉलमध्ये विरघळवून, बाटलीला फॉइल गुंडाळून ठेवावं, आणि इतक्या लहान थेंबांनी घालावं की एकूण आकारमान टक्का-दोन टक्क्यांपलीकडे वाढणार नाही.

त्याच वहीत 328 नॅनोमीटरपाशी एक उंचवटा होता. त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढून लेखकाने लिहिलं होतं, "नवी रचना?" ते निव्वळ पाणी होतं. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात तेव्हा त्यातला थोडा भाग ठरावीक ऊर्जा गमावून बाहेर पडतो. 295ने उत्तेजित केलं की तो 328ला दिसतो, 300ने केलं की 334ला सरकतो. प्रथिनाचं शिखर मात्र तसं सरकत नाही. ओळखायची खूण हीच. नुसत्या बफरचा स्कॅन घेऊन वजा केला की उंचवटा जातो.

गंमत अशी की कोलकात्यात रामन यांच्या प्रयोगशाळेतही चूक याच दिशेने झाली होती. 1923मध्ये के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात असाच मंद अंश दिसला आणि तो अशुद्धीमुळे येणारा फ्लुओरेसन्स असावा असं मानलं गेलं. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही तो जाईना. 28 फेब्रुवारी 1928 रोजी तो वेगळाच परिणाम असल्याचं स्पष्ट झालं आणि पुढे त्याला रामन यांचं नाव मिळालं. म्हणजे तिथेही रामन परिणामालाच फ्लुओरेसन्स समजलं गेलं होतं. आमच्या विद्यार्थ्याने पाच वर्षं तर सोडाच, पाच मिनिटंही पाणी तपासलं नाही.

बाकीच्या चुका किरकोळ, पण दिवस वाया घालवणाऱ्या. काचेचं किंवा साधं प्लॅस्टिकचं क्युव्हेट 295चा प्रकाश अडवतं, म्हणून क्वार्ट्झच हवं, तेही चारही बाजूंनी पारदर्शक. साबणातली कपडे उजळवणारी द्रव्यं स्वतःच चमकतात. 590ला शिखर दिसलं तर आनंदू नये, तो 295चा दुप्पट पडसाद आहे. झेनॉन दिवा लावल्या लावल्या रीडिंग घेऊ नये. लेखक यायच्या आधी अर्धा तास तो लावून ठेवण्याचं काम प्रयोगशाळेतले मामा करत, आणि ते रजेवर गेले त्या आठवड्यातले आकडे वहीत आजही नाचताना दिसतात.

पोस्टर गेलं, पण आलेखावर दुसरा आलेख चिकटवून. डिंक नीट न लावल्यामुळे कोपरा सुटला होता आणि परीक्षकांनी तो उचलून खालचाही पाहिला. जास्त प्रश्न त्यावरच आले.

लेखकाच्या टेबलावर आता एक बंद क्युव्हेट असतं, नुसत्या शुद्ध पाण्याचं. रोज सकाळी 350वर उत्तेजित करून 397चं रामन शिखर मोजायचं आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. मागच्या दिवाळीनंतर तो आकडा आठवडाभर घसरत राहिला. नमुन्यांना हात न लावता लेखकाने नवा दिवा मागवला.