सुनेचे ताट

नवी सून घरात येऊन वर्ष झाले की शेजारणी तिच्या पोटाकडे पाहू लागतात. नळावर एखादी विचारते, "काय गं, काही विशेष?" दुसरे वर्ष सरले की विचारणे बंद होते आणि कुजबूज सुरू होते. ओटी भरताना तिला मागे ठेवतात. सासू म्हणते, सोळा सोमवार धर. मावशी म्हणते, अमक्या देवीला नवस बोल. कुणी अंगारा आणून देतो, कुणी गंडा बांधतो. मग एके दिवशी घरात हळूच बोलणे निघते, "पोराचं दुसरं बघायचं का?" सून ते दाराआडून ऐकते.

या साऱ्या धावपळीत एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. ही बाई रोज खाते काय? आणि किती? या धड्यात आम्ही तोच प्रश्न विचारणार आहोत.

आयाबहिणींनो, हा धडा तुमच्यासाठी आहे. पण बाप्यांनो, तुम्ही पान उलटू नका. पुढे तुमचेही नाव येणार आहे. आणखी एक सांगतो. या धड्यात 'पाळी' हा शब्द वारंवार येईल. तो लिहायला आम्ही लाजलो नाही, तुम्ही वाचायला लाजू नका.

आता एका सुनेचा दिवस पाहू. कोणत्याही गावातली सून धरा. पहाटे पाचला उठली. चिमूटभर मशेरी लावली. शेणघाण केले, पाणी भरले. रिकाम्या पोटी गोड चहा घेतला. सगळ्यांच्या भाकरी थापल्या. नवऱ्याला आणि पोरांना न्याहारी दिली, स्वतः खायला वेळ झाला नाही. मग शेतात खुरपणी. दुपारी भाकरी आणि ठेचा. संध्याकाळी पुन्हा चूल. आधी सासरे जेवले, मग नवरा, मग दीर, मग सासू. शेवटी ही बसली. तोवर आमटी तळाला गेलेली. वरण संपलेले. पातेले पुसून घेतले, दीड भाकरी खाल्ली, झाले जेवण. सोमवारी उपास. चतुर्थीला उपास. एकादशीला घरादाराचाच उपास.

आता हिशेब करा. बैल जोडीने राबतो, त्याला आपण पेंड घालतो. म्हैस गाभण राहावी म्हणून तिला सरकी घालतो, हिरवा चारा घालतो. आणि सून? तिला उरलेसुरले.

कणगीत दाणे नसताना कुणी घरात लग्न काढतो का? नाही काढत. शरीराचेही असेच आहे. नऊ महिने पोटात मूल वाढवायचे, पुढे त्याला अंगावर पाजायचे, हा शरीराला मोठा खर्च आहे. म्हणून शरीर आधी आपली कणगी तपासते. आपल्या मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. ती बाईच्या बीजकोशांना निरोप धाडते, तेव्हा दर महिन्याला एक स्त्रीबीज पिकते आणि सुटते. अंगात फार दिवस पुरेसे अन्न गेले नाही, वजन फार उतरले, तर हे निरोप मंदावतात. बीज सुटत नाही. पाळी पुढेमागे होते, कधी महिनोन्महिने येतच नाही. कधी पाळी येते, पण बीज सुटलेले नसते. बाईला वाटते सारे ठीक आहे, आणि कूस मात्र रिकामी राहते.

हे आम्ही मनचे सांगत नाही. आपल्या वऱ्हाडात १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. त्या काळात माणसे मेली ती मेलीच, पण पुढे जन्मणाऱ्या मुलांची संख्याही फार घटली. आता कुणी म्हणेल, तेव्हा माणसे पोटासाठी गाव सोडून पांगली होती, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. तेही खरे. म्हणून एक परदेशातील दाखला देतो. युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याने तिथल्या पश्चिम भागातील शहरांचे अन्न तोडले. माणसांना रोजच्या गरजेच्या निम्मेही अन्न मिळेना. तेव्हा पुष्कळ बायकांची पाळी थांबली. पुढे नऊ महिन्यांनी तिथे नेहमीच्या जवळपास निम्मीच मुले जन्मली. नंतर अन्न आले, आणि पाळणेही पुन्हा हलू लागले. त्या बायका वांझ नव्हत्या. त्या उपाशी होत्या.

हे वाक्य सासूबाईंनी दोनदा वाचावे.

मग आपली सून उपाशी आहे की नाही, हे कसे ओळखावे? डोळ्यांवर विसंबू नका, वजन करा. आरोग्य केंद्रात काटा असतो. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ४३ किलोच्या खाली असेल, तर ती हडकुळी समजावी. अशा बाईने दिवस राहण्याआधीच वजन वाढवायला हवे. दिवस गेल्यावर सगळेच लाड करतात, डोहाळे पुरवतात. पण पेरणी झाल्यावर खत घालण्याआधी जमिनीची मशागत करावी लागते, हे शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको.

खायचे काय? त्यासाठी बाजारातला डबा आणू नका. दोन वेळा पोटभर ज्वारी-बाजरीची भाकरी. दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण नाहीतर मोड आलेल्या मटकीची, मुगाची उसळ. मोठ्या बाईला रोज ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम असतात, एका अंड्यात ६. मूठभर शेंगदाणे, थोडे दूध-दही. शेवग्याचा पाला, राजगिरा, अंबाडी, मेथी, जे परड्यात उगवेल ते. खाणाऱ्यांनी अंडे, मासळी, मटण खावे, आणि तेही सुनेच्या ताटात रस्साच नव्हे, फोडही पडावी. मीठ आयोडीनचे असावे. ते झाकणाच्या बरणीत ठेवावे. आयोडीन कमी पडले की गळ्यातील थायरॉइड नावाची ग्रंथी बिघडते, आणि तिच्याबरोबर पाळीही बिघडते.

रक्ताची गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. तेव्हा महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांमध्ये ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे नळावर चौघी उभ्या असतील तर त्यांतल्या दोघी! रक्त कमी म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असे नाही. पण राहिले तर आईला धाप लागते, मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होते, बाळंतपणात रक्त गेले तर जिवावर बेतते. म्हणून रक्त आधीच भरून काढावे. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने भाजीतले लोह अंगी लागते. जेवताना चहा घेऊ नये, त्याने ते वाया जाते. नुसता गूळ खाऊन रक्त वाढते असे पुष्कळ जणी समजतात. तेवढ्याने भागत नाही. आशाताईंकडे लोहाची लाल गोळी मिळते. ती आठवड्यातून एक घ्यायची असते. रक्त फार कमी असेल तर डॉक्टर रोज घ्यायला सांगतात. गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊ नका. याच गोळीत फॉलिक आम्ल असते. मुलाचा मेंदू आणि पाठीचा कणा गर्भाच्या पहिल्या महिन्यातच घडतो, तेव्हा बाईला आपण गरोदर आहोत हे कळलेलेही नसते. म्हणून ज्या बाईला मूल हवे आहे, तिने आधीच डॉक्टरांना विचारून फॉलिक आम्लाची गोळी रोज सुरू करावी.

आता उपासाचे बोलू. आम्ही देवाधर्माच्या विरुद्ध नाही. आमच्या घरीही एकादशी असते. पण मूल व्हावे म्हणून जी बाई आधीच हडकलेली असताना आठवड्याला दोन-तीन उपास करते, ती ज्या फांदीवर बसली तीच तोडते. साबुदाण्यात पिठूळ सत्त्वाशिवाय फारसे काही नाही. करायचाच असेल तर उपासाला दूध, शेंगदाणे, राजगिरा, फळे पोटभर घ्यावीत. किंवा तो उपास सासूबाईंनी नातवासाठी स्वतः करावा. देवाला तोही पावेल.

मशेरीबद्दल लपवाछपवी फार चालते. बायका म्हणतात, "आम्ही काय तंबाखू खातो? दात घासतो नुसते." अहो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिचे विष हिरड्यांतून रक्तात जाते. गरोदर बाईने मशेरी लावली तर मूल हडकुळे जन्मते, पोटातच दगावण्याचा धोकाही वाढतो. भूक मारायला मशेरी लावणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. भुकेला औषध भाकरी आहे.

काही घरांत उलटी तऱ्हा असते. कामाला यंत्रे आली, चालणे राहिले नाही. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, सोबत बिस्किटे, फरसाण, वडापाव. वजन भराभर वाढते. वजन वाढले की काही बायांच्या बीजकोशात बीजे अर्धवट पिकून अडकून पडतात, पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात. शहरातच नव्हे, आता खेड्यातही हे दिसते. पाच फुटी बाईचे वजन ५८ किलोवर गेले की सावध व्हावे. पण घाबरू नये. सत्तर किलोची बाई चार ते सात किलोने उतरली, एवढ्यानेही पुष्कळ वेळा पाळी ताळ्यावर येते आणि बीज सुटू लागते. साखर तोडावी, तळण कमी करावे, रोज अर्धा तास झपझप चालावे. उपाशी मात्र राहू नये. तसे केले तर पहिल्या रोगाच्या जागी दुसरा येईल.

इथवर वाचून कुणी समजेल, पोटभर खाल्ले की मूल झालेच. तसे आम्ही म्हटलेले नाही. बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या दोन नळ्या असतात. जुन्या संसर्गाने किंवा क्षयाने त्या बंद पडल्या, तर भाकरीने उघडत नाहीत. तिथे तपासणीच हवी. अंगावरून पांढरे जात असेल, वास येत असेल, ओटीपोट दुखत असेल, तर लगेच दाखवावे. वयही लक्षात घ्यावे. मुलगी आपली सारी बीजे जन्मतःच घेऊन येते, आणि ती वर्षागणिक कमी होत जातात. पस्तिशीनंतर दिवस राहणे अवघड होत जाते.

आणि आता, बाप्यांनो, तुमची पाळी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण असते. कधी ते एकट्या पुरुषाकडे असते, कधी दोघांकडे. अंगाने पैलवान असलेल्या पुरुषाचेही वीर्य दुबळे असू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातूनच कळते. तंबाखू, विडी, दारू, वाढलेले पोट, यांनी पुरुषबीज घटते. शरीर फुगवायला तालमीतली पोरे जी इंजेक्शने टोचून घेतात, त्यांनी तर कधी कधी ते पार आटते. पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी. वीर्याचा नमुना द्यायचा, बस्स. सुई नाही, चिरफाड नाही. तरी बाईला चार-चार दवाखाने फिरवतात आणि बाप्या बाहेर झाडाखाली विडी ओढत बसतो! आमचे म्हणणे असे, की पहिल्याच दिवशी दोघांनी आत जावे. व्यसन सोडले तर नवे पुरुषबीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेवढा धीर धरावा.

डॉक्टरकडे केव्हा जावे? नवरा-बायको एकत्र राहत असून वर्षभरात दिवस गेले नाहीत, तर. बाईचे वय ३५ च्या वर असेल, तर सहा महिन्यांतच. पाळी मुळीच येत नसेल, तर वाट पाहूच नये. नवरा पुण्यामुंबईला आणि बायको गावी असेल, तर ते वर्ष मोजू नये. दिवाळीला चार दिवस आणि जत्रेला दोन दिवस घरी येणाऱ्याच्या बायकोला कुणी बोल लावू नये. आणि बुवाबाबांच्या नादी तर अजिबात लागू नये. मूल देतो म्हणून बाईला फसवणाऱ्या बुवाला महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने शिक्षा आहे.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्याचा उपयोग इथे करा. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. पाळी ज्या दिवशी येईल, त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल करा. असे चार-पाच महिने करा. मग दोन गोलांमधले दिवस मोजा. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी बीज सुटते. म्हणजे २८ दिवसांची पाळी असेल तर चौदाव्या दिवसाच्या सुमारास, ३२ दिवसांची असेल तर अठराव्या. बीज एक दिवसच टिकते, पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढे सहा दिवस महत्त्वाचे. या दिवसांत नवरा-बायकोने एकत्र असावे. काहींची पाळी चुकारपणा करते, त्यामुळे एखादा दिवस मागेपुढे धरावा.

ही पाने फाडून जपून ठेवा. त्यांच्या मागे आपले वजन, रक्ताचा आकडा आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावे लिहा. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जाल तेव्हा ती बरोबर न्या. डॉक्टर पहिला प्रश्न पाळीच्या तारखांचाच विचारतील.