एकाच मुलाची दोन वये

सतरा वर्षांखालील मुलांचे दोन संघ मैदानावर उतरले, की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. एकाला मिसरूड फुटलेले, खांदे रुंद. शेजारचा जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारा. दाखल्यावर दोघांचे जन्मवर्ष एकच! मग हा फरक कसला?

वयाचा एक हिशेब दिनदर्शिकेचा, दुसरा शरीराचा. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरीने चौदाव्या वर्षाच्या सुमारास; एका वर्षात ९-१० सेंटिमीटरसुद्धा. पण कोणाची ही वाढ बाराव्या वर्षीच होते, कोणाची सोळाव्या. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पातळ चकती असते. तेथे नव्या पेशी तयार होतात आणि त्यांच्या जागी हाड बनत जाते. वाढ पुरी झाली, की चकती हाडात मिसळून जाते. म्हणून मनगटाच्या चित्रावरून शरीराचे वय अजमावता येते. सतरा वर्षांपूर्वी मनगटातील ही चकती पूर्ण मिटलेली क्वचितच आढळते. याच आधारावर फिफाने २००९ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एम. आर. आय. तपासणी आणली.

वय चोरणारा अशा तपासणीत सापडेल. पण खरे वय सांगूनही मागे पडणाऱ्याचे काय? भारतीय हवाई दलाने १९६० साली सुरू केलेला सुब्रोतो चषक घ्या. शाळेचा संघ जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जातो. हरला, की परतीची वाट. साहजिकच शिक्षक आज चेंडू हिसकावू शकणारा दांडगा गडी निवडतात. त्याला सामने मिळतात, सराव मिळतो. उशिरा वाढणारा राखीव बाकावर बसतो आणि उंची येईपर्यंत त्याने बहुधा खेळच सोडलेला असतो. शिक्षकांना तरी किती दोष द्यावा?

इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या क्लबांनी एक वेगळा प्रयोग केला. प्रौढपणी अपेक्षित असलेल्या उंचीच्या ८५ ते ९० टक्के उंची गाठलेली ११ ते १४ वर्षांची मुले त्यांनी एकत्र खेळवली. थोराड मुलांना ताकदीऐवजी डोके वापरावे लागले; लहानखुऱ्यांना चेंडूवरची हुकमत दाखवता आली.

तुम्हीही एक पाहणी करा. १ जानेवारीला वय मोजणाऱ्या स्पर्धेतील खेळाडूंचे जन्ममहिने मांडा. पहिल्या तिमाहीतले अधिक भरतात का? एका संघावरून काही ठरणार नाही. कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या शहरात दहा-वीस शाळांच्या याद्या सहज जमतील. शिवाय दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची सकाळीच मोजा, कारण मणक्यांमधील चकत्या दबल्याने संध्याकाळपर्यंत उंची सुमारे एक सेंटिमीटर घटते. आलेख एकदम चढू लागला, तर त्या मुलाच्या उड्या आणि धावणे थोडे कमी करावे. गुडघ्याखालचे दुखणे याच काळात डोके वर काढते.